दोनच उरले

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. मी तेव्हा ऑनसाइट होतो, ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ. शुक्रवारी प्रॉडक्शनला काही सोडायचं नाही हा जगभरचा नियम, त्यामुळे दिवस तसा निवांत होता. आमच्या टीममध्ये साठीला टेकलेले एक गृहस्थ होते. क्लायंटकडचे जुने डेटाबेसवाले. दर शुक्रवारी केशरी टोपी घालून यायचे आणि कॉलवर पहिली पाच मिनिटं फुटबॉलवर बोलल्याशिवाय कामाचं बोलायचे नाहीत. त्या दिवशी टोपी टेबलावर पडलेली आणि गृहस्थ गप्प.

मला वाटलं घरी काही झालं. दबकत विचारलं तर म्हणाले, "आमची कॉन्फरन्स गेली." मला काही कळेना. कॉन्फरन्स म्हणजे आपल्याकडे परिसंवाद, फार तर कॉन्फरन्स कॉल. तो जाण्यात दुःख ते काय? उलट आनंदच की :) मग ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी हे एकदा बघितलं होतं. मी दुसऱ्यांदा बघतोय."

हे वाक्य डोक्यात बसलं. तो वीकेंड आणि नंतरचे बरेच वीकेंड मी यात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. मी काही क्रीडा पत्रकार नाही आणि अमेरिकन फुटबॉलचे नियम मला अजून धड कळत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते. अमेरिकेत कॉलेजचे खेळ हा आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखा, मैदानाच्या कडेला चार मित्र आणि एक सर, असा प्रकार नाही. पन्नास पन्नास हजार, कुठे लाख लोक तिकीट काढून कॉलेजच्या पोरांची मॅच बघतात. आता एवढ्या मोठ्या देशात कोणी कोणाशी खेळायचं? म्हणून आठ-दहा विद्यापीठं मिळून एक मंडळ करतात. दरवर्षी एकमेकांशी खेळायचं, नियम एकत्र ठरवायचे आणि येणारे पैसे वाटून घ्यायचे. या मंडळाला कॉन्फरन्स म्हणतात. थोडक्यात भिशीच, फक्त रक्कम कोटी डॉलरमध्ये.

आमच्या गृहस्थांची भिशी म्हणजे पॅक-१२. पॅक म्हणजे पॅसिफिक. तिचा जन्म २ डिसेंबर १९१५ चा, पोर्टलंडमधल्या एका बैठकीतला. तेव्हाचं नाव पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स. सुरुवातीला सभासद चार: बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, सिअॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, यूजीनचं ऑरेगन विद्यापीठ आणि कॉर्व्हॅलिसचं ऑरेगन कृषी महाविद्यालय. हे शेवटचं म्हणजे आजचं ऑरेगन स्टेट, आमच्या गृहस्थांचं कॉलेज. १९१७ मध्ये पुलमन गावचं वॉशिंग्टन स्टेट आलं, १९१८ मध्ये स्टॅनफर्ड. १९२२ मध्ये लॉस एंजेलिसचं यूएससी आणि आयडाहो, १९२४ मध्ये माँटाना, १९२८ मध्ये यूसीएलए.

ही यादी नकाशावर ठेवून बघा. निवड कशाने झाली ते लगेच दिसतं. आगगाडीने कुठवर जाता येईल, एवढाच निकष. त्यात बडं विद्यापीठ आणि गावाकडचं शेतकी कॉलेज असा भेद नव्हता. मत प्रत्येकाला एक.

या शेतकी कॉलेजांचं आपल्याशी एक जुनं नातं निघालं, जे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. गदर चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. पुढे मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन केलं ते. तर हे खानखोजे अमेरिकेत कॉर्व्हॅलिसला शिकले आणि पुलमनलाही! म्हणजे कॉन्फरन्स जन्मायच्या आधीच एक वऱ्हाडी माणूस नेमक्या याच दोन गावांत शेतीशास्त्र शिकत होता, आणि उरलेल्या वेळात पोर्टलंडच्या लाकूड गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना जमवून इंग्रजांविरुद्ध संघटना बांधत होता. दोन्ही कॉलेजं आपल्या गोष्टीतली. ही दोन नावं लक्षात ठेवा.

आता गृहस्थांच्या वडिलांची वेळ.

१९५६ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन विद्यापीठाने जॉन चेरबर्ग नावाच्या फुटबॉल कोचला काढून टाकलं. चेरबर्ग गप्प बसले नाहीत. गावातले धनिक एका गुप्त फंडातून खेळाडूंना नियमाबाहेर पैसे देतात हे त्यांनी उघड केलं. (हे चेरबर्ग पुढे वॉशिंग्टन राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि १९५७ ते १९८९, तब्बल ३२ वर्षं त्या खुर्चीत राहिले. कोचला काढताना विचार करावा तो असा.) एक धागा ओढल्यावर बाकीचं स्वेटरही उसवलं. यूसीएलए, यूएससी, बर्कली... सगळ्यांकडे असलेच फंड निघाले. कॉन्फरन्सने दंड ठोकले, बंदी घातली. मत प्रत्येकाला एक असल्यामुळे शिक्षा ठरवताना उत्तरेकडच्या छोट्या कॉलेजांचाही हात वर होता. मोठ्यांना ते झोंबलं. तुमचं स्टेडियम केवढं, आमचं केवढं, आणि तुम्ही आम्हाला शिस्त शिकवणार?

त्यांनी मग एक सोपी युक्ती केली. १९५९ मध्ये कॉन्फरन्सच बरखास्त केली आणि १ जुलैपासून नवी काढली. बर्कली, वॉशिंग्टन, यूसीएलए, यूएससी हे चौघे, आणि लगेच मागून स्टॅनफर्ड. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फोर्क म्हणतो. जुना प्रोजेक्ट बंद, सगळा कोड उचलून नव्या नावाने सुरू, फक्त नको असलेल्या लोकांना अॅक्सेस द्यायचा नाही. बाहेर राहिले ऑरेगन, ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो. (माँटाना १९५० मध्येच निघून गेलं होतं.)

गंमत म्हणजे बाहेर असतानाच, १९६२ मध्ये, ऑरेगन स्टेटच्या टेरी बेकरला हाइझमन ट्रॉफी मिळाली. कॉलेज फुटबॉलमधला हा सगळ्यात मोठा वैयक्तिक मान. त्याआधी टेक्सासच्या पश्चिमेला तो कोणालाच मिळालेला नव्हता. शिवाय हा बाबा मेकॅनिकल इंजिनियरिंगचा विद्यार्थी! मला सबमिशनच्या आठवड्यात जेवायला वेळ मिळायचा नाही आणि हा माणूस हाइझमन घेऊन वर त्याच वर्षी बास्केटबॉलच्या टीमला देशातल्या शेवटच्या चारांत नेतो. असो.

मग चक्र उलटं फिरलं. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये परत घेतलं, ऑरेगन आणि ऑरेगन स्टेटला १९६४ मध्ये. १९६८ मध्ये नाव पडलं पॅसिफिक-८. १९७८ मध्ये अॅरिझोनाची दोन विद्यापीठं आली, पॅक-१० झालं. आयडाहोला मात्र कोणी बोलावलं नाही. आयडाहो विद्यापीठाचं गाव मॉस्को हे पुलमनपासून जेमतेम १३ किलोमीटर. पुण्यात मी रोज ऑफिसला याहून जास्त जायचो. मधे राज्याची सीमा आणि गव्हाची शेतं. एक परत आत, एक कायमचं बाहेर.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ही भिशी उत्तम चालली. दर जोडीत एक शेजारी-शेजारी वैर: वॉशिंग्टन-वॉशिंग्टन स्टेट, ऑरेगन-ऑरेगन स्टेट, बर्कली-स्टॅनफर्ड, यूएससी-यूसीएलए, आणि अॅरिझोनाची जोडी. वेळापत्रकसुद्धा सुंदर. गुरुवारी एकाशी बास्केटबॉल, शनिवारी त्याच्या जोडीदाराशी, रविवारी घरी, सोमवारी वर्गात. पोहणं, धावणं, व्हॉलीबॉल, टेनिस, सगळं धरून या कॉन्फरन्सच्या नावावर पाचशेहून जास्त राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. इतकी दुसऱ्या कोणाकडेच नाहीत.

मग बिघडलं कुठे? बग शोधताना जसं मागे मागे जावं लागतं तसं गेलं की १९८४ ला पोचतो. त्याआधी टीव्हीवर कुठली मॅच किती वेळा दाखवायची हे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था, एनसीएए, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी सांगितलं की ही मक्तेदारी आहे, प्रत्येकाने आपला माल आपण विकावा. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा सगळा प्रकार धंद्याच्या हाती जाईल ही त्यांची भीती. निकाल कायद्याने बरोबर असेलही, पण भीतीही खोटी नव्हती. त्या दिवसापासून कॉन्फरन्सचं काम हळूहळू बदललं. सभासद निवडायचा निकष 'आगगाडी कुठवर जाते' हा होता, तो 'टीव्ही किती घरांत आहे' असा झाला.

पॅकही काही साधुसंत नव्हतं. २०१० मध्ये कमिशनर लॅरी स्कॉट यांनी शेजारच्या बिग-१२ मधून टेक्सास, ओक्लाहोमासकट सहा जणांना फोडायचा घाट घातला होता. तो फसला. आले फक्त कोलोरॅडो, आणि दुसऱ्या एका कॉन्फरन्समधून यूटा. २०११ मध्ये पॅक-१२ झालं. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचं टीव्ही चॅनल काढलं, पूर्ण मालकीचं. दुसरे लोक मोठ्या चॅनलवाल्यांना भागीदार करून घेत होते, यांनी सगळं इन-हाऊस केलं. एका मोठ्या डिश कंपनीने ते चॅनल शेवटपर्यंत घेतलं नाही, म्हणून लाखो घरांत ते दिसलंच नाही. आमच्या धंद्यात असली उदाहरणं पैशाला पासरी मिळतात. विकत घ्यायचं ते घरी बांधायला घेतलं आणि नंतर मेंटेनन्समध्ये बुडालो.

२०२१ च्या जुलैत टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग-१२ सोडून जायला निघाले. बिग-१२ आडवी झाली. उरलेल्यांतले काही जण उचलायची आयती संधी होती. ऑगस्टमध्ये पॅकने जाहीर केलं की आम्हाला वाढायचं नाही.

मग ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी सांगितलं की आम्ही २०२४ पासून बिग टेनमध्ये जातोय. बिग टेन म्हणजे शिकागोच्या आसपासची जुनी कॉन्फरन्स. लॉस एंजेलिस गेलं म्हणजे सगळ्यात मोठी टीव्हीची बाजारपेठ गेली. उरलेल्या दहांनी चॅनलवाल्यांशी बोलणी सुरू केली, ती वर्षभर चालली. तेवढ्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, आडव्या पडलेल्या बिग-१२ ने आपला करार आधी उरकून घेतला. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो तिकडे परत गेलं. आणि पॅकच्या हातात शेवटी आली ती अॅपलची ऑफर, जितकी सबस्क्रिप्शन खपतील तितके पैसे वाढतील अशी.

४ ऑगस्टच्या सकाळी सगळे त्यावर सह्या करतील अशी आशा होती. त्याऐवजी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. संध्याकाळपर्यंत अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग-१२ मध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत गेले, तेही सुरुवातीची काही वर्षं जेमतेम तिसरा हिस्सा घेऊ असं कबूल करून. एसीसीतला 'ए' म्हणजे अटलांटिक बरं का. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिक कोस्टमध्ये, २०२४ पासून बिग टेनमध्ये १८ सभासद आणि बिग-१२ मध्ये १६. व्हेरिएबलला अशी नावं दिली तर कोड रिव्ह्यूमध्ये आमची धुलाई होते.

बारातून दहा गेले. उरले दोन. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. १९५९ ला बाहेर ठेवलेल्यांतलेच दोघे, चौसष्ट वर्षांनी पुन्हा.

का हेच दोघे? वाईट खेळतात म्हणून? बिलकुल नाही. ऑरेगन स्टेटने आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, शेजारच्या ऑरेगनला ३८-३४ असं हरवलं होतं, तेही ३१-१० मागे असताना. बेसबॉलमध्ये ते २००६, २००७ आणि २०१८ चे राष्ट्रीय विजेते. शिक्षणात कमी? कॉम्प्युटरचा माऊस ज्यांच्या डोक्यातून निघाला ते डग्लस एंगेलबार्ट ऑरेगन स्टेटचे. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग १९८४ मध्ये तिथूनच इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले. दोष एकच: गाव लहान. कॉर्व्हॅलिसची वस्ती साठ हजारांच्या आसपास, पुलमनची त्याच्या निम्मी. सिअॅटल आणि पोर्टलंडमधली घरं टीव्हीवाल्यांच्या हिशोबात वॉशिंग्टन आणि ऑरेगन या मोठ्या भावांच्या खात्यात जातात. ऑरेगनच्या पाठीशी तर नायकेचे फिल नाइट आहेत.

हे वाचताना मला माझी फायनल इयर आठवली. मी जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजचा. कंपन्या आमच्याकडे यायच्या नाहीत, आम्ही रात्रीच्या एसटीने पुण्याला पूल कॅम्पसला जायचो. एकदा तिथे पोचल्यावर कळलं की यादी आधीच झाली आहे, कॉलेजच्या नावावरून. परीक्षेत नापास झालो असतो तर काही वाटलं नसतं. आम्हाला परीक्षेला बसूच दिलं नाही. त्यामुळे या दोन कॉलेजांकडे मी तटस्थपणे बघू शकत नाही, हे उघडच सांगतो.

१८ नोव्हेंबर २०२३ ला गृहस्थ मला कॉर्व्हॅलिसला घेऊन गेले. ऑरेगन स्टेट विरुद्ध वॉशिंग्टन. जुन्या पॅक-१२ मधली घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. पाऊस असा की आपला जुलै आठवावा. १९१५ च्या त्या बैठकीतले दोन सभासद समोरासमोर. वॉशिंग्टन २२, ऑरेगन स्टेट २०. दोन पॉइंटांनी हरले. ते वॉशिंग्टन पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं. मॅच संपल्यावर लोक बराच वेळ भिजत उभे होते. कोणी काही घोषणा वगैरे दिल्या नाहीत.

त्याच आठवड्यात, १४ नोव्हेंबरला, पुलमन ज्या तालुक्यासारख्या व्हिटमन काउंटीत येतं तिथल्या कोर्टात निकाल लागला होता. घटनेत कलम होतं की सोडायची नोटीस दिली की कार्यकारी मंडळावरची जागा जाते. दहांनी नोटीस दिली, म्हणजे मंडळ म्हणजे आम्ही दोघंच, असं या दोघांचं म्हणणं. न्यायाधीशांनी ते मानलं. १५ डिसेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही हात घालायला नकार दिला. तर १०८ वर्षांची संस्था, नाव आणि तिजोरीसकट, दोन गावांच्या हाती आली.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. चांगल्यांचा विजय वगैरे. पण कॉन्फरन्स म्हणवून घ्यायला एनसीएएच्या नियमाने आठ फुटबॉल टीम लागतात, आणि मुदत दोन वर्षांची. २०२४ च्या सीझनला या दोघांना मॅचेस मिळाल्या त्या बऱ्याचशा माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्समुळे. अडचणीत त्यांनी हात दिला. आणि १२ सप्टेंबर २०२४ ला या दोघांनी त्याच माउंटन वेस्टमधून चार जण फोडल्याचं जाहीर केलं: बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट. त्याच महिन्यात पाचवं, यूटा स्टेट. मग फुटबॉल नसलेलं गोन्झागा, आणि २०२५ च्या जूनमध्ये टेक्सास स्टेट. नव्या पॅक-१२ ची तारीख ठरली १ जुलै २०२६, सभासद नऊ. फोडल्याबद्दलच्या दंडावरून माउंटन वेस्टशी कोर्टकचेरी झालीच.

मी तोवर पुण्याला परत आलो होतो. कॉलवर गृहस्थांना विचारलं, आता बरं वाटतंय का? केशरी टोपी डोक्यावर होती. म्हणाले, "वाटतंय. झोप येते आता."

मग मी विचारलं, "आणि माउंटन वेस्टमध्ये जे मागे राहिले त्यांचं काय?" वायोमिंग, नेवाडा, न्यू मेक्सिको, सॅन होजे स्टेट... तीही कोणाची तरी कॉलेजं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वडिलांनी १९६४ मध्ये परत आत घेतल्यावर पार्टी दिली होती. आयडाहोबद्दल कोणी विचारलं नव्हतं. तू पहिला."

आणि आम्ही त्या आठवड्याच्या रिलीजकडे वळलो.